न झालेल्या अपघातांची नोंद

उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या नागपूरकरांची संख्या आता फारच रोडावली आहे. तथापि ज्यांनी ती सवय अद्याप सोडलेली नाही, त्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे असेल. मध्यरात्र उलटून जाते, रस्त्यावरचा कोलाहल शमतो आणि माथ्यावर एक तांबडा-पांढरा दिवा लुकलुकत उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकताना दिसतो. थोड्याच वेळात दुसरा दिवा पश्चिमेकडून येतो आणि पहिल्याच्या वाटेला छेदून पूर्वेकडे निघून जातो. खालून पाहणाऱ्यास क्षणभर वाटते की, हे दोन दिवे आता एकमेकांवर आदळणार. ते आदळत नाहीत. पाहणारा कूस बदलतो आणि झोपी जातो. त्या दोन दिव्यांत मिळून तीन-चारशे माणसे बसलेली असतात, आणि त्यांच्यातील बहुतेकही त्या वेळी झोपलेलीच असतात.

दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारे आणि मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारे हवाई मार्ग ज्या मुलखावर एकमेकांस छेदतात, तो आपला मुलूख आहे. इंग्रजांनी शून्य मैलाचा दगड येथे रोवला त्या वेळी येथील आकाशात विमाने नव्हती. परंतु देशाच्या मध्यभागी असण्याचे जे भाग्य वा दुर्भाग्य या शहराच्या वाट्यास आले, ते जमिनीपुरतेच मर्यादित राहिले नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाचले जाई, ते नागपूरच्या जागरणाच्या जोरावर. त्या जागरणाची किंमतही या शहराने पाहिलेली आहे. १२ डिसेंबर १९५३ रोजी सोनेगावहून मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उड्डाण करताच कोसळले आणि तेरा माणसे मरण पावली. पुढे जेट विमाने आली, आणि चार विमानांची मध्यरात्रीची ती भेट इतिहासजमा झाली.

ही जुनी आठवण आज काढण्याचे कारण एवढेच की, एकाच जागी, एकाच वेळी, चार दिशांनी येणारी विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याचे शास्त्र नागपूरला अपरिचित नाही. त्या काळी ते घड्याळ, आवाज आणि कागद यांच्या साहाय्याने चाले. वैमानिकाने आपण कोठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि पुढच्या ठिकाणावर किती वाजता पोहोचू ते बिनतारी संदेशाने कळवावयाचे. खाली बसलेल्या नियंत्रकाने ते कागदाच्या पट्टीवर लिहावयाचे, आणि त्या पट्ट्या समोर मांडून, न दिसणाऱ्या विमानांचे चित्र मनात उभे करावयाचे. पुढे रडार आले, संगणक आले, उपग्रहांच्या साहाय्याने स्थान कळू लागले. परंतु मूळ प्रश्न तोच राहिला: एकाने दुसऱ्यास काय सांगितले, दुसऱ्याने ते काय ऐकले आणि प्रत्यक्षात काय केले.

आकाशातील अंतराचे नियम ऐकताना साधे वाटतात. मोठ्या उंचीवरून जाणाऱ्या दोन विमानांत उभे अंतर किमान एक हजार फूट असले पाहिजे. ते तेवढे नसेल, तर रडारच्या देखरेखीखाली आडवे अंतर सामान्यतः पाच सागरी मैलांहून कमी होता कामा नये. २००३ सालापर्यंत आपल्याकडे एकोणतीस हजार फुटांच्या वर हे उभे अंतर दोन हजार फूट राखले जात असे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून ते निम्म्यावर आले, कारण विमानांतील उंचीमापके अधिक अचूक झाली होती आणि आकाशात गर्दी वाढली होती. म्हणजे त्याच आकाशात जवळजवळ दुप्पट मजले बांधले गेले. यात गैर काही झाले असे आम्ही म्हणत नाही. मात्र चुकीला पूर्वी जेवढी जागा होती, तेवढी आता उरलेली नाही.

पाच सागरी मैल म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर. शून्य मैलाच्या दगडापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत रिक्षाने जावयाचे तर साधारण तेवढीच वाट पडते, आणि अजनीच्या बाजूने गर्दी लागली तर अर्धा तासही पुरत नाही. समोरासमोर येणारी दोन जेट विमाने हे अंतर विसाहून कमी सेकंदांत संपवतात. वाचकांनी हे वाक्य वाचावयास घेतल्यापासून पुढच्या परिच्छेदाच्या मध्यापर्यंत पोहोचावे, एवढ्यात सारा खेळ आटोपतो. विमाने एकमेकांपासून तीन किलोमीटरवरून गेली, मग एवढा गहजब कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

आपल्या देशात हा हिशेब एकदा पूर्णपणे चुकला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे जंबो जेट दिल्लीहून वर चढत होते आणि कझाकस्तानचे इल्यूशिन दिल्लीकडे उतरत होते. पहिल्यास चौदा हजार फुटांवर थांबण्याची आज्ञा होती, दुसऱ्यास पंधरा हजारांवर. नियंत्रकाने कझाक वैमानिकांस समोरून विमान येत असल्याचे आणि ते किती मैलांवर आहे ते सांगितलेही होते. तरीही ते विमान पंधरा हजारांच्या खाली उतरले, आणि हरियाणातील चरखी दादरीजवळच्या शेतांवर ३४९ माणसांची प्रेते विखुरली. सौदी विमानातील उतारूंत आखाती देशांत पोटासाठी निघालेले अनेक हिंदी मजूर होते. दोन्ही विमानांतील एकही मनुष्य वाचला नाही. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन इतका मोठा संहार जगात त्यापूर्वी झाला नव्हता, आणि त्यानंतरही झालेला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीने दोष कझाक वैमानिकांवर ठेवला. नेमून दिलेली उंची त्यांनी सोडली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या चौकशीच्या निमित्ताने ज्या गोष्टी लोकांसमोर आल्या, त्या एका वैमानिकाच्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या. आपल्या देशाच्या राजधानीत येणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या विमानांस एकाच अरुंद मार्गिकेतून ये-जा करावी लागत होती, कारण उरलेल्या आकाशाचा बराच भाग हवाई दलाकडे होता. नियंत्रकासमोरील रडारवर विमानाचा ठिपका दिसत होता. मात्र ते विमान किती उंचीवर आहे, हे तो ठिपका सांगू शकत नव्हता. उंची कळावयाची ती वैमानिकाच्या शब्दावरून. आणि शब्द घेणारा-देणारा जो कझाक रेडिओचालक, त्याच्यापुढे स्वतःचे उंचीमापक नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते पाहावे लागे. इंग्रजीचे त्या चमूचे ज्ञान बेताचे होते. ज्या साखळीच्या चार कड्या आधीच झिजलेल्या आहेत, तिची पाचवी कडी तुटली की तिलाच काय तो दोष द्यावयाचा, ही पद्धत सोयीची असेल. पण तिने उरलेल्या चार कड्या बदलल्या जात नाहीत. येथे सुदैवाने त्या बदलल्या गेल्या. येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले. उंची दाखविणारे रडार आले. आणि टक्कर टाळण्याची पूर्वसूचना देणारे यंत्र या देशात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांस बंधनकारक करण्यात आले. ३४९ जीव गेल्यावर हे झाले, हे मात्र विसरता येत नाही.

हे यंत्र वैमानिकांच्या भाषेत टीकॅस या नावाने ओळखले जाते. ते आसपासच्या विमानांतील यंत्रांशी परस्पर संकेतांची देवाणघेवाण करते, आणि टक्कर संभवत असेल तर साधारण अर्ध्या मिनिटापूर्वी एका विमानास वर जाण्याची व दुसऱ्यास खाली जाण्याची आज्ञा मानवी आवाजात देते. ती आज्ञा आणि जमिनीवरील नियंत्रकाची आज्ञा यांत विरोध आला, तर कोणाचे ऐकावे? आज या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: यंत्राचे. परंतु ते उत्तर इतके निःसंदिग्ध होण्यासाठीही किंमत मोजावी लागली. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर एक रशियन प्रवासी विमान व एक मालवाहू बोइंग यांची टक्कर झाली आणि ७१ जण मेले. त्यांत बहुतांश सुट्टीच्या सहलीस निघालेली शाळकरी मुले होती. रशियन विमानास यंत्र ‘वर चढ’ म्हणत होते, झुरिचचा नियंत्रक ‘खाली उतर’ म्हणत होता. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. मालवाहू विमानही आपल्या यंत्राचे ऐकून खाली उतरत होते.

त्या रात्री झुरिचच्या केंद्रात एक नियंत्रक दोन माणसांचे काम पाहत होता. त्याचा सहकारी विश्रांतीस गेला होता, आणि रात्रपाळीस असे जाण्याचा तेथे वहिवाटीने रिवाज पडला होता. दुरुस्तीच्या कामामुळे दूरध्वनीची मुख्य यंत्रणा बंद होती. धोक्याची सूचना देणारी जमिनीवरील व्यवस्थाही पूर्णपणे चालू नव्हती. दीड वर्षाहून अधिक काळाने, या दुर्घटनेत बायको आणि दोन्ही मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाचा त्याच्या घरी जाऊन खून केला. पुढे २००७ साली स्विस न्यायालयाने ज्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले, ते त्या संस्थेतील चार व्यवस्थापक होते. शोकाने आंधळ्या झालेल्या बापास समोर बसलेला मनुष्य दिसला. न्यायालयास त्याच्या मागची मोकळी खुर्ची दिसली.

आपल्याकडे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी असाच प्रसंग मुंबईच्या नियंत्रणाखालील आकाशात येऊन गेला. एअर इंडियाचे मुंबई-भोपाळ विमान वर चढत होते; दिल्लीहून पुण्यास येणारे विस्ताराचे विमान त्याच उंचीकडे उतरले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्यांतील उभे अंतर शंभर फुटांवर आणि आडवे अंतर तीन किलोमीटरांच्या आत आले होते. दोन्ही विमानांत मिळून अडीचशेहून अधिक माणसे होती. टीकॅसच्या आवाजाने ती वाचली. त्यानंतर काही दिवस वाद चालला तो असा की, उतरण्याची परवानगी मिळाली होती असे वैमानिकांचे म्हणणे, आणि तशी परवानगी दिलेलीच नव्हती असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. विस्ताराच्या दोन्ही वैमानिकांना कामावरून बाजूस ठेवण्यात आले. तो वाद लवकरच लोकांच्या विस्मरणात गेला. आणि २०२४ साली ती कंपनीही एअर इंडियात विलीन होऊन नाहीशी झाली.

परंतु आम्हास सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण याहून निराळे आहे. ७ जानेवारी २०२२ च्या सकाळी बंगळूरच्या विमानतळावरील दोन समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगोची दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी उडाली. एक कलकत्त्यास निघाले होते, दुसरे भुवनेश्वरला. त्या सकाळी एक धावपट्टी उड्डाणांसाठी व दुसरी उतरणाऱ्या विमानांसाठी वापरात होती. पुढे एकच धावपट्टी चालू ठेवण्याचे ठरले. आणि हा निर्णय दुसऱ्या धावपट्टीच्या नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नाही. दोघा नियंत्रकांनी आपापल्या विमानास उड्डाणाची अनुज्ञा दिली. दोन्ही विमाने वर चढत एकमेकांकडे सरकू लागली. रडारसमोर बसलेल्या आणखी एका नियंत्रकाच्या हे वेळीच लक्षात आले. त्याने एकास डावीकडे व दुसऱ्यास उजवीकडे वळविले, आणि चारशेहून अधिक माणसे आपापल्या गावी सुखरूप पोहोचली.

येथवर ही एका जागरूक माणसाची हकीकत आहे. पुढचा भाग मात्र तसा नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्या वेळी जे सांगण्यात आले त्यावरून असे दिसते की, या घटनेची नोंद कोणत्याही नोंदवहीत झालेली नव्हती आणि विमानतळ प्राधिकरणाने ती कळविलीही नव्हती. ज्या पानावर त्या सकाळचा वृत्तान्त असावयास हवा होता, ते पान कोरे होते.

हे पान कोरे का राहिले? आमच्यापैकी ज्यांनी आयुष्याची काही वर्षे शाळेत घालविली आहेत, त्यांना याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागणार नाही. वर्गात शाईची दौत सांडली की ‘कोणी सांडली?’ असा प्रश्न छडी हातात घेऊन विचारणाऱ्या मास्तरास उत्तर कधीच मिळत नाही. चाळीस मुले निरागस चेहऱ्याने फळ्याकडे पाहत राहतात. दौत डगमगत्या बाकावर ठेवलेली होती, ही गोष्ट तर मास्तरास वर्षअखेरपर्यंत कळत नाही, आणि दुसरी दौतही त्याच बाकावरून सांडते. आम्ही स्वतः छडी हातात घेतलेली आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगत आहोत. नियंत्रकाच्या हातून चूक झाली की त्यास तत्काळ कामावरून दूर करावयाचे, वैमानिकास तत्काळ घरी बसवावयाचे, आणि त्या बातमीने लोकांचे समाधान करावयाचे, ही रीत जोवर चालू आहे, तोवर कोरी पाने निघतच राहणार.

याच्या अगदी टोकाचे उदाहरण युगोस्लाव्हियाचे आहे. १९७६ च्या सप्टेंबरात झाग्रेबजवळ ब्रिटिश व युगोस्लाव्ह अशा दोन विमानांची टक्कर होऊन १७६ माणसे मेली. त्या केंद्रात माणसे अपुरी होती, आणि कामाचा ताण असह्य असल्याचे तेथील नियंत्रक आधीपासून सांगत आले होते. खटला झाला, बाकी सारे सुटले आणि त्या क्षणी खुर्चीवर बसलेल्या एका नियंत्रकास सात वर्षांची शिक्षा झाली. जगभरच्या त्याच्या समव्यवसायिकांनी अर्ज-विनंत्या केल्यानंतर सुमारे दोन वर्षांनी त्याची सुटका झाली. ज्या व्यवसायात असे घडते, तेथील मनुष्य आपली निसटती चूक आपण होऊन लिहून देईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

अमेरिकेने हा धडा निराळ्या प्रसंगातून घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरत असलेले एक विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि त्यातील ९२ जणांपैकी एकही वाचला नाही. उतरण्याच्या मार्गाच्या नकाशाचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला होता. चौकशीत आढळले की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांनी त्याच जागी तीच चूक केली होती आणि थोडक्यात बचावले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीस सांगितले, कंपनीने आपल्या इतर वैमानिकांस सावध केले, आणि ती गोष्ट त्या चार भिंतींतच राहिली. ती बाहेर आली असती तर? या प्रश्नातून १९७६ साली तेथे एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने, नियंत्रकाने किंवा तंत्रज्ञाने आपल्या हातून घडलेली वा पाहिलेली चूक लिहून पाठवावयाची. ती शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न जाता अंतराळ संशोधन करणाऱ्या नासा या संस्थेकडे जावयाची. तेथे नावे काढून टाकून तिचा अभ्यास व्हावयाचा. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळविली असेल, तर नियमभंगाबद्दल दंड होत नाही. ब्रिटनमध्ये तर आकाशातील निसटत्या टकरींचा विचार करण्यासाठी एक स्वतंत्र मंडळच आहे. प्रत्येक प्रकरणाचा अहवाल नावे वगळून ते प्रसिद्ध करते आणि धोका किती होता त्याची प्रतही ठरविते.

आपल्याकडे स्वेच्छेने कळविण्याची सोय नियमांत नाही असे नाही. पण जो हात परवाना काढून घेऊ शकतो, त्याच हातात कबुलीजबाब द्यावयाचा असेल तर तो देण्यास फार मोठे मन लागते. राज्यकारभार मोठ्या मनाच्या माणसांवर विसंबून चालविता येत नाही. गंभीर प्रकरणांचे अहवाल प्रसिद्ध होतात हे खरे, परंतु ते येईपर्यंत मूळ घटना लोक विसरलेले असतात. आणि ज्या लहान प्रकरणांतून मोठ्याची चाहूल लागावयाची, ती सामान्य वाचकाच्या दृष्टीस क्वचितच पडतात.

याचा अर्थ कोणासही शासन होऊ नये असा कोणी घेतील, तर तो आमच्यावर अन्याय होईल. दारू पिऊन जो वैमानिक विमानात चढतो, खुर्ची सोडून जो नियंत्रक निघून जातो, किंवा घडलेली घटना जो जाणूनबुजून दडवितो, त्यांची गय करण्याचे काहीच कारण नाही. आमचे म्हणणे असे आहे की, चुकीपेक्षा चूक लपविण्यास अधिक कठोर शासन असावे. आज व्यवहारात नेमके उलट दिसते: चूक सांगणारा घरी बसतो, आणि न सांगणारा बहुधा नोकरी पुरी करून निवृत्त होतो.

दुसरा प्रश्न मनुष्यबळाचा. पडद्यावरील वीस-पंचवीस ठिपक्यांकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसास किती तास सलग बसू द्यावे, दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती द्यावी, यांचे नियम महासंचालनालयाने केलेले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने हवाई सुरक्षिततेवर जो अहवाल सादर केला, त्यात नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावर पडणारा कामाचा ताण यांबद्दल स्पष्ट चिंता व्यक्त केली आहे. देखरेख करणाऱ्या खुद्द महासंचालनालयातच मंजूर जागांपैकी जवळजवळ निम्म्या रिकाम्या असल्याचेही त्यात दिसून आले. तपासनीसच अर्धा असेल, तर तपासणी पुरी कशी होणार? त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या विमानतळावरील संदेशांची देवाणघेवाण करणारी यंत्रणा बिघडली आणि आठशेहून अधिक उड्डाणांस विलंब झाला. ज्या उड्डाण-योजना यंत्राने आपोआप समोर यावयाच्या, त्या माणसांना हाताने भरून काम चालवावे लागले. यंत्रणा जुन्या होत असल्याची तक्रार नियंत्रकांच्या संघटनेने काही महिने आधी केलेली होती. प्रवाशांनी त्या दिवशी विमानतळावर आरडाओरडा केला, तो स्वाभाविकच होता. पण विलंब झाला याचा दुसरा अर्थ असा की, यंत्र बंद पडल्यावर नियंत्रकांनी विमानांमधील अंतर कमी करण्याऐवजी विमाने जमिनीवरच थोपवून धरली. आम्हास तर त्या विलंबाबद्दल कोणाचे तरी आभार मानावेसे वाटतात.

विदर्भास या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्याच आकाशाकडे पाहावे. सोनेगावला एकाच धावपट्टीवर सारी वाहतूक चालते, आणि शेजारीच हवाई दलाचे ठाणे आहे. मिहानच्या निमित्ताने येथे विमानांची दुरुस्ती होते, आणि मालवाहतुकीची मोठी स्वप्ने पाहिली जात आहेत. गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिकांचे शिक्षण चालते. २०२३ च्या मार्चमध्ये तेथूनच उडालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोन जीव गेले. अमरावतीजवळचा बेलोरा विमानतळ २०२५ साली सुरू झाला आणि तेथेही वैमानिकांची मोठी शाळा व्हावयाची आहे. म्हणजे वर पस्तीस हजार फुटांवरून जाणारी जेट विमाने, मध्ये चढणारी-उतरणारी प्रवासी विमाने, बाजूस लष्करी विमाने आणि खाली पहिल्यांदाच एकट्याने उडणारी विशीतील मुले, असे हे आकाश आहे. नवीन विमानतळाच्या उद्घाटनास मंत्री येतात, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात, आणि आमच्याच पत्राच्या पहिल्या पानावर ती छापली जातात. त्याच प्रसंगी, येथील आकाश सांभाळण्यास किती नियंत्रक मंजूर आहेत आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष खुर्चीवर आहेत, असा प्रश्न आम्ही विचारलेला नाही, याची कबुली दिली पाहिजे. नोंदवहीचे एक पान आमच्याकडूनही कोरे राहिले आहे.

तेव्हा आम्ही तो प्रश्न आज विचारीत आहोत. नागपूर, अमरावती, भंडारा-गोंदिया येथून निवडून गेलेल्या लोकसभा सदस्यांनी तो संसदेत विचारावा. विमानतळाच्या नव्या इमारतीस किती कोटी लागणार हे त्यांना तोंडपाठ असते. मागील पाच वर्षांत विदर्भावरील आकाशात ठरलेले अंतर किती वेळा मोडले, त्यांपैकी किती वेळा ते नियंत्रकाने वा वैमानिकाने आपण होऊन कळविले, आणि आपण होऊन कळविणाऱ्याचे पुढे काय झाले, या तीन गोष्टी त्यांनी सरकारकडून लेखी मागून घ्याव्यात. उत्तर आले की ते आम्ही जसेच्या तसे याच जागी छापू. अशी घटना एकदाही घडली नाही, असे जर त्यात लिहिलेले असेल, तर ते अधिकच काळजीपूर्वक वाचावे लागेल.